केसपेपरच्या पाठीवर

टोपातली उरलेली भाजी त्यांनी झाकणासकट आणली होती.
तिच्यात चांदीचं एक जोडवं.
"काळं पडलं नाही," ती बाई पुन्हा पुन्हा सांगत होती,
"लसूणसुद्धा पांढराच राहिला."
आत खाटेवर तिचा मुलगा
बादलीवर वाकलेला.

मी कंपाउंडर.
मला गोळ्या मोजता येतात, सलाईनचे थेंब मोजता येतात.
हळद लागलेलं, खोबऱ्यात माखलेलं भूछत्र
मला ओळखता येत नाही.
शिजलं की चांगलं-वाईट
एकाच रंगाचं होतं.

पहाटे मुलाला झोप लागली.
डॉक्टर म्हणाले, कुठून तोडलं ते बघून या.

दुर्पदाबाय धुरीला घेऊन गेलो सुरूच्या बनात.
चाळीस श्रावण तिने शिरोड्याच्या बाजारात
चांदाड्याच्या पानावर अळंबीचे वाटे लावले,
आणि एकाही घरातून कधी बोलावणं आलं नाही.
आपल्या रानात शिरताना ती वहाणा हातात घेते.
इथे पायातच ठेवल्या.
हे सरकारने लावलेलं झाड,
ह्याच्या मुळाशी काय आलं, कुठून आलं,
तिला कोणी सांगितलेलं नाही.

सुया गळत होत्या, आवाज न करता.
कानाला कळत नव्हतं
समुद्र कुठे संपला, सुरू कुठे सुरू झाला.

एका बुंध्याशी करपलेल्या बटाट्यासारखं काहीतरी होतं.
तिने वहाणेच्या टोकाने ते फोडलं.
आत मोहरीएवढे पिवळट दाणे
आणि तपकिरीची डबी सांडावी तशी धूळ,
तिच्या लुगड्याच्या काठावर बसली ती बसलीच.
"ह्याचं नाव काय?"
"नाव कित्याक?
ह्या कोणी खाल्ल्यान नाय,
ह्या खावन कोण मेलो नाय."

बन संपतं तिथे, पोरांच्या क्रिकेटच्या खेळपट्टीला लागून
गवतात उभी होती ती.
पांढरी, ताटलीएवढी, मधोमध तपकिरी खवले,
दांड्याला सैल कडं, वर-खाली सरकणारं.
मला तर बाजारातलीच वाटली.
"टोपी मागसून बघ. आधी पाय."
तिने बोटांनी रेव उकरली.
वीतभरही खाली जावं लागलं नाही,
एक गड्डा, आणि संपलं.
आमची असती, तर शेपटी खाली खाली गेली असती
हातभर, वाळवीच्या घरापर्यंत.
"रेवेत रोयण खंयसून येतली?"
एवढंच. पुस्तक मिटल्यासारखी ती उठली.

रात्री मी एका कोऱ्या केसपेपरच्या पाठीवर
ती टोपी पालथी ठेवली,
शेजारी दुर्पदाबायने दिलेली तिची एक,
दोन्हींवर दवाखान्याचे काचेचे पेले.

सकाळी पेले उचलले.
एकीखाली सायकलच्या चाकासारख्या बारीक रेघा,
हिरव्या,
कळकलेल्या तांब्याच्या हिरव्या.
दुसरीखाली शिंपल्याच्या आतल्या कडेचा गुलाबी.
फुंकर मारली तर उडेल इतका.

दुर्पदाबायने लांबूनच पाहिलं.
"माका कागद नको. तिका दाखव."

तिचं माहेर दोडामार्गाकडे, डोंगराच्या पायथ्याला.
सात वर्षं ह्या रापणकरांच्या घरात
तिने मासे साफ केले, आंबोशी सुकवली,
सात श्रावणांत अळंबी हाताला लागली नव्हती.
मग एका सकाळी लाकडं आणायला गेली आणि दिसली.
आईच्या हातची आठवली, म्हणाली.
पहिला घास मुलाला दिला.
तिने स्वतः नंतर जेवायचं ठरवलं होतं.

जोडवं मी स्पिरिटने धुऊन तिला परत दिलं.
काळं खरंच पडलं नव्हतं.

कागद तिने मांडीवर घेतला.
हिरव्याकडे पाहिलं, बोलली नाही.
"आणि आमच्याकडची कुठली?"
मी दाखवली.
तिने तर्जनी अलगद टेकवली गुलाबीवर,
एक-दोन रेघा पुसल्या गेल्या.

मुलगा उठून पेज मागू लागला,
ती डाव्या हाताने चमचा भरवत राहिली.
उजव्या हाताचं ते बोट
बराच वेळ कशालाच लागू दिलं नाही.